आईच्या खोलीत छुपा कॅमेरा: लावावा की लावू नये?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण इथे अनुभवी लोक आहेत म्हणून धागा काढतेय.

आई अंथरुणाला खिळलेली आहे. दिवसभर एक सेविका असते, संध्याकाळी मी आणि भाऊ. सेविका वागायला-बोलायला चांगली. पण गेल्या काही दिवसांत आईच्या दंडावर दोनदा काळे-निळे डाग दिसले. आईला विचारलं तर कधी म्हणते "काही नाही गं", कधी तिला आठवतच नाही. बहिणीचं म्हणणं, सरळ घड्याळात कॅमेरा असलेलं एक यंत्र आणून भिंतीवर टांग, कुणाला सांगू नकोस. भाऊ म्हणतो, ही हेरगिरी झाली, मला पटत नाही.

ज्यांनी असं काही केलंय, किंवा ठरवून केलं नाही, त्यांनी फायदे-तोटे लिहावेत. "माणसांवर विश्वास ठेवा" एवढाच प्रतिसाद असेल तर कृपया नको. तो सल्ला मी स्वतःला रोज देते.

तिरपीरेघ
लावा. उद्याच लावा. दुसरं मत असूच शकत नाही.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात मतिमंद रुग्णांना मारहाण चालायची. एका कर्मचाऱ्याने आधी तक्रारी केल्या होत्या, कुणी हललं नाही. २०११ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा'चा वार्ताहर छुपा कॅमेरा घेऊन तिथे नोकरीला लागला. चित्रण दाखवल्यावर रुग्णालय बंद झालं, अकरा जण दोषी ठरले, त्यातले सहा तुरुंगात गेले. कॅमेरा दर्शनी असता तर काय दिसलं असतं? उशा नीट करणारे हसतमुख कर्मचारी.

ज्याला बोलता येत नाही किंवा आठवत नाही, त्याची साक्ष कोण देणार?

बिनपाण्याचा_ढग
तिरपीरेघ यांना अनुमोदन. वाचनखूण साठवतोय.

आडवाटकरी
विंटरबोर्नचं उदाहरण बरोबर आहे, पण ते अर्धंच वापरलंय. तिथे कॅमेरा येण्याआधी तक्रार होती, म्हणजे ठोस संशय होता. चित्रण ठरावीक मुदतीचं होतं आणि काय दाखवायचं हे ठरवायला मागे संपादक आणि वकील होते. घरात या तीनपैकी संशयच तेवढा असतो, मुदत आणि देखरेख नसते. माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

सांजवेळ, आधी स्वतःला एक विचारा. तुम्हाला त्रास थांबवायचाय की सिद्ध करायचाय? ही दोन कामं निराळी आहेत आणि कॅमेरेही निराळे लागतात. दिसणारा कॅमेरा धाक घालतो. छुपा कॅमेरा धाक घालूच शकत नाही, कारण तो आहे हे कुणाला माहीतच नसतं. तो फक्त घडून गेलेलं दाखवतो. म्हणजे आईला हिसका बसेल, तो मेमरी कार्डावर उमटेल आणि संध्याकाळी तुम्ही बघाल. पुरावा हाती येईल, पण त्या दिवसाचा हिसका बसायचा तो बसलेलाच असेल.

आणि दर्शनी कॅमेऱ्याच्या धाकाचीही महती फार गाऊ नये. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये आला, त्यात सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांमुळे गुन्ह्यांत साधारण १३ टक्के घट दिसली. सर्वांत जास्त परिणाम गाड्यांच्या वाहनतळांवर. म्हणजे उपयोग आहे, पण जादू नाही. आणि हा आकडा माणसांना ठाऊक असलेल्या कॅमेऱ्यांचा. छुप्याच्या खात्यात तो जमा करता येत नाही.

सांजवेळ
आडवाटकरी, प्रश्न नेमका आहे. मला थांबवायचंय. पण खरं सांगायचं तर आधी *कळायचंय*. उगाच एखाद्या बाईवर आळ घ्यायचा नाही आणि आईला तशीच सोडायचीही नाही.

तारजोडणी
अशा कॅमेऱ्यांशी माझं रोजचं काम आहे, म्हणून जाहिरातीत लिहीत नाहीत ते लिहितो.

घड्याळ, चार्जर, धूरसूचक, पेन, फोटोची चौकट, या सगळ्यांत आत एकच प्रकार असतो: टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यामागे बारीक लेन्स. भोक बारीक म्हणजे प्रकाश कमी शिरतो. खिडकीला पडदा असलेल्या आजारी माणसाच्या खोलीत चित्र गढूळ येतं. चेहरा ओळखू येईल, पण हात दंडावर ठेवला की आवळला, हे सांगता येईलच असं नाही. आणि तुम्हाला बघायचंय नेमकं तेच.

अंधारासाठी अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे असतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतील तर अंधारात बारीक लाल ठिपके दिसतात, मग छुपेपणा गेला. ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी.

बॅटरीवरची यंत्रं सलग चालवली तर काही तासांत मान टाकतात. म्हणून त्यांत हालचाल झाली की जागं होण्याची सोय असते. जागं व्हायला क्षण-दोन क्षण जातात, आणि नेमका पहिला क्षण सुटतो. मग चित्रणात काय दिसतं? आई कण्हतेय आणि सेविका जवळ उभी आहे. तिने ढकललं की ती आवाज ऐकून धावत आली? अर्धवट चित्रण काहीच नसण्यापेक्षा वाईट, कारण उरलेलं आपलं मन भरून काढतं.

तिसरं म्हणजे घड्याळ. यंत्रातलं घड्याळ, भिंतीवरचं नव्हे. स्वस्त यंत्रांत बॅटरी संपली की तारीख मूळपदावर जाते आणि सगळं चित्रण कुठल्यातरी जुन्या सालच्या एक जानेवारीचं होऊन बसतं. पुढे कुणी विचारलं, हे कधीचं, तर उत्तर नाही.

कार्ड भरलं की जुन्यावर नवं चढतं, हेही लक्षात ठेवा. लोक आठवड्याने बघायला जातात तेव्हा हवा तो दिवस पुसलेला असतो.

बिनपाण्याचा_ढग
बापरे. वाचनखूण पुन्हा साठवतो.

रात्रपाळी
मी बरीच वर्षं रुग्णसेवेचं काम करते, घरी जाऊन. म्हणजे या धाग्यातली "ती" बाई मीच समजा.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. उलट काही घरांत दर्शनी कॅमेरा असला की मला बरं वाटतं. दागिना सापडत नाही म्हणून पहिलं बोट आमच्याकडे वळतं, तेव्हा तोच कॅमेरा आमची बाजू घेतो.

पण छुप्याबद्दल तीन गोष्टी तुम्ही कुणी लिहिल्या नाहीत.

एक. बहुतेक घरांत आम्हाला वेगळी खोली नसते. कामाचे कपडे आम्ही रुग्णाच्याच खोलीत बदलतो. कडी लावून, पाठ फिरवून. त्या भिंतीवर तुमचं घड्याळ असेल तर तुमच्या कार्डावर काय साठतंय? तुमचा हेतू चांगला होता, हे नंतर सांगत बसाल.

दोन. आईचं अंग पुसणं, डायपर बदलणं, सगळं त्याच पलंगावर होतं. ते चित्रण बघणार कोण? मुलगा? जावई? त्या माउलीला कुणी विचारलं का? आठवण कमी झाली म्हणून लाज कमी होत नाही. मी ज्यांची सेवा करते त्यातल्या कित्येकींना स्वतःचं नाव आठवत नाही, पण दार उघडं असलं तर पदर ओढून घेतात.

तीन. दंडावरच्या डागांबद्दल. आई रक्त पातळ करणारं औषध घेतात का? घेत असतील तर नुसतं दंडाला धरून उठवलं तरी काळं-निळं होतं. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते. उठवताना दंड धरायचाच नसतो, खांद्यामागे आणि कमरेला आधार द्यायचा, किंवा अंगाखाली घसरचादर घालून सरकवायचं. हे कित्येक सेविकांना कुणी सांगितलेलंही नसतं, शिकवणं तर दूरच. त्यांची नियत वाईट असते असं नाही, पण पद्धत चुकते.

मारहाण होतच नाही असं म्हणत नाही. होते. डाग आतल्या बाजूला असतील, बोटांच्या ठशांसारखे असतील, बाई समोर आली की आई आक्रसून घेत असतील, तर बहिणीचं ऐका.

सांजवेळ
रात्रपाळी ताई, कपडे बदलण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते, हो. डाग बाहेरच्या बाजूला आहेत. आज डॉक्टरांना फोन करते.

तिरपीरेघ
सगळं ठीक, पण आपण हळूहळू मारणाऱ्याच्या खासगीपणाची काळजी करायला लागलोय. आजारी बाईच्या हाडांपेक्षा सेविकेची कडी महत्त्वाची? कपडे बदलायला न्हाणीघर आहे ना!

रात्रपाळी
न्हाणीघर आहे. फक्त तिथेच बदलायला हवेत हे आम्हाला सांगणार कोण? सांगितलंत तर कॅमेरा छुपा राहिला नाही.

कलमदान
वकिली करतो. ही माहिती आहे, सल्ला नव्हे. तुमच्या प्रकरणाचा सल्ला तुमच्या वकिलाकडून घ्या.

तिरपीरेघ, खासगीपणा विरुद्ध सुरक्षा अशी सरळ कुस्ती न्यायालयं लावत नाहीत. ती मोजमाप करतात. स्पेनमधल्या एका सुपरमार्केटचा खटला याबाबत वाचण्यासारखा आहे, लोपेस रिबाल्दा नावाने प्रसिद्ध. २००९ मध्ये माल आणि हिशेब जुळेना, एका महिन्यात तूट हजारो युरोंच्या घरात. मालकाने दारांवर दर्शनी कॅमेरे लावले आणि सांगितले. गल्ल्यांवर छुपे लावले, ते सांगितले नाहीत. दहा दिवसांत चोऱ्या सापडल्या, चौदा जणांना काढून टाकलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या छोट्या पीठाने २०१८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१९ मध्ये मोठ्या पीठाने तो १४ विरुद्ध ३ मतांनी फिरवला. कारणं बघा: संशय ठोस होता, जागा सर्वांसमोरची होती, मुदत दहाच दिवस होती, चित्रण मोजक्या लोकांनी पाहिलं आणि चोरीचा छडा लावण्यापलीकडे कशालाही वापरलं नाही. कपडे बदलण्याच्या जागेला हेच माप लावणार नाही, हेही निकालात स्पष्ट आहे. आडवाटकरींनी वर जे म्हटलंय ते जवळपास हेच.

चांगल्या हेतूने सगळं माफ होत नाही याचं दुसरं उदाहरण. चेक प्रजासत्ताकात एका गृहस्थाच्या घराच्या काचा वारंवार फोडल्या जायच्या. त्याने छपराखाली कॅमेरा लावला, चित्रण पोलिसांना दिलं, दोन संशयित सापडले. त्यातल्याच एकाने विचारलं, रस्त्यावर मला चित्रित करायचा अधिकार याला कुणी दिला? त्या गृहस्थाला दंड झाला आणि प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं. २०१४ मध्ये न्यायालय म्हणालं, कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता येत असेल तर ही बाब "निव्वळ घरगुती" राहत नाही, विदासंरक्षणाचे (वैयक्तिक माहिती जपण्याचे) नियम लागू होतात. आपल्या जिवाची आणि मालमत्तेची काळजी हे कायदेशीर कारण धरता येतं, असंही त्यात आहे, पण नियमांतून सुटका नाही.

भारतात रात्रपाळी यांच्या पहिल्या मुद्द्याला थेट कलम आहे. खासगी कृती करणाऱ्या स्त्रीचं तिच्या नकळत चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली येतं, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं शिक्षा आणि दंड. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ई कलम स्त्री-पुरुष भेद करत नाही. घर तुमचं, भिंत तुमची, घड्याळ तुमचं, तरी.

आणि आवाज! लोक चित्राचाच विचार करतात. अमेरिकेत दुसऱ्यांचं संभाषण, ज्यात तुम्ही सहभागी नाही, गुपचूप ध्वनिमुद्रित करणं हा संघराज्याच्या कायद्याने वेगळा गुन्हा आहे. तिथे घरातला नुसता मूक कॅमेरा अनेकदा चालून जातो आणि मायक्रोफोनमुळे माणूस अडकतो. यांतली बरीच यंत्रं आवाज आपोआप चालू ठेवूनच येतात.

आडवाटकरी
कलमदान, मस्त. वृद्धाश्रमांबाबत कुठे वेगळे नियम आहेत ना?

कलमदान
आहेत. अमेरिकेत टेक्सासने २००१ मध्येच शुश्रूषागृहातल्या रहिवाशाच्या खोलीत कॅमेरा लावण्याचा कायदा केला. त्यात खोलीत दुसरा रहिवासी असेल तर त्याची संमती लागते. इंग्लंडमधल्या आरोग्य आणि शुश्रूषा सेवांच्या नियामकाने २०१५ मध्ये कुटुंबांसाठी मार्गदर्शक पत्रक काढलं. सूर बंदीचा नव्हता. आधी तक्रारीचे मार्ग बघा आणि आपल्या माणसाची इच्छा विचारा, असं त्याचं सांगणं.

मोकळाश्वास
धागा आईबद्दल आहे, पण थोडं अवांतर करते, कारण तेच "घड्याळ" माझ्यासारखीला वेगळं दिसतं.

मी कामासाठी सतत फिरते. एका मुक्कामाच्या खोलीत धूरसूचकाला नको त्या जागी भोक दिसलं. आत कॅमेरा होता. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. पण तेव्हापासून खोलीत शिरल्यावर बॅग ठेवायच्या आधी मी छत बघते.

दक्षिण कोरियात २०१९ मध्ये उघड झालं: दहा शहरांतल्या तीस लॉजमधल्या बेचाळीस खोल्यांत कॅमेरे, टीव्हीच्या डब्यात, भिंतीतल्या सॉकेटमध्ये, केस वाळवायच्या यंत्राच्या खोबणीत. सुमारे १,६०० लोकांचं चित्रण पैसे घेऊन थेट दाखवलं जात होतं. त्याच्या आदल्याच वर्षी हजारो बाया याच कारणासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या.

सांजवेळ, तुम्ही जे विकत घ्याल तेच ते लोकही घेतात. दुकानदार हेतू विचारत नाही. जर्मनीत म्हणूनच नेहमीच्या वापरातल्या वस्तूचं सोंग घेऊन गुपचूप चित्र किंवा आवाज पाठवणारी यंत्रं बाळगायलाच मनाई आहे. २०१७ मध्ये त्यांनी बोलणाऱ्या एका बाहुलीवर याच नियमाखाली बंदी घातली होती. मला तो नियम अतिरेकी वाटत नाही.

तारजोडणी
मोकळाश्वास, वाईट झालं. शोधण्याबद्दल लिहितो, कारण जालावर या बाबतीत भंपकपणा फार आहे.

दिवे मालवून टॉर्च डोळ्यांजवळ धरा आणि संशयित वस्तूंवरून सावकाश फिरवा. लेन्स असेल तर कोन जुळला की बारीक चमक परत येते. हा उपाय कॅमेरा बंद असला तरी चालतो, म्हणून सर्वांत भरवशाचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून अवरक्त दिवे दिसतात, पण मागच्या कॅमेऱ्यात बहुधा गाळणी असते, पुढचा वापरून बघा. आधी टीव्हीच्या रिमोटवर चाचणी घ्या: बटण दाबल्यावर ठिपका दिसला तर तुमचा फोन कामाचा.

वायफायवरची यंत्रं दाखवणारी अ‍ॅपं त्याच जाळ्यावरचीच यंत्रं दाखवतात. लहरी पकडणारी यंत्रं कार्डावर मुकाट चित्रण करणारा कॅमेरा पकडूच शकत नाहीत, कारण तो काही पाठवतच नाही. अ‍ॅपने "सुरक्षित" म्हटलं म्हणून निर्धास्त राहू नका. पलंग आणि न्हाणीघराकडे तोंड करून असलेली, वीज मिळणारी प्रत्येक वस्तू बघा. सापडला तर हात लावू नका, फोटो काढा आणि पोलिसांना बोलवा.

मोकळाश्वास
धन्यवाद. मुक्कामासाठी घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत दर्शनी कॅमेऱ्यांवरही जगभर बंदी आणली, त्याआधी सांगून लावायची मुभा होती. सांगितलेला आणि न सांगितलेला यातला फरक पाहुण्याला कळायला मार्ग नसतो, म्हणून मला ही बंदी योग्य वाटते.

गाळीव
मी फक्त एकच विचारतो: चित्रण राहतं कुठे?

मोबाइलवर थेट दिसणारा कॅमेरा म्हणजे बहुतेक वेळा ते आधी कुणाच्या तरी सर्व्हरवर गेलेलं. रिंग या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये म्हटलं की तिच्या एका कर्मचाऱ्याने ग्राहक बायकांच्या शयनगृहांतली आणि न्हाणीघरांतली हजारो चित्रणं पाहिली होती. ५८ लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटवलं. २०२१ मध्ये व्हर्काडा या दुसऱ्या कॅमेरा कंपनीच्या जवळपास दीड लाख कॅमेऱ्यांत परके लोक शिरले, त्यात रुग्णालयं होती, तुरुंग होते, शाळा होत्या. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने मूळचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे लाखोंनी ताब्यात घेऊन दुसऱ्यांची संकेतस्थळं पाडली.

सेविकेवर नजर ठेवायला आणलेलं यंत्र आईचं चित्रण कुणा तिसऱ्याला देत असेल, तर घरात परका कोण आला?

तिरपीरेघ
गाळीव, म्हणून कार्डवाला घ्या ना! मार्ग निघतो. मी माझं मत बदलत नाही, फक्त "उद्याच" मागे घेतो. डॉक्टर काय म्हणतात ते कळू दे.

संपादक मंडळ
यंत्रं विकण्याचे दुवे असलेले तीन प्रतिसाद काढले आहेत. कृपया अशी खरेदी-विक्री व्यनितूनही (व्यक्तिगत निरोपातूनही) करू नये.

सांजवेळ
सगळ्यांचे आभार. काल डॉक्टर आले होते. त्यांनी डाग पाहिले आणि पहिला प्रश्न हाच विचारला: उठवताना दंड धरतात का? गोळीची मात्रा तपासायला रक्त घेतलंय. उठवायची पद्धत ते स्वतः सेविकेला दाखवून गेले. तिने मन लावून पाहिलं, एवढं मी सांगू शकते. त्यावरून निष्कर्ष काढत नाही.

भावंडांत ठरलं ते असं. छुपा सध्या नाही. दर्शनी कॅमेरा, आवाज बंद, कार्डवाला, तोंड पलंगाकडे. अंग पुसताना झाकायचा, आणि झाकला कधी, उघडला कधी हे वहीत लिहायचं. चित्रण मी आणि बहीण पाहू, भाऊ नाही. त्यालाही ते बरंच वाटलं. सेविकेला आज सांगितलं. ती म्हणाली, माझ्यासाठी पडदा लावून द्या. लावून देतोय.

डाग पुन्हा आले आणि डॉक्टरांना कारण सापडलं नाही, तर पुढचं पाऊल काय, हे बहिणीने लिहून घ्यायला लावलंय. त्यात छुपा कॅमेरा आहे, पण दिवस मोजून आणि कलमदान यांच्यासारख्या कुणाला विचारून.

आडवाटकरी
झाकायची सोय म्हणजे पळवाटही झाली, हे लक्षात असू द्या. झाकलेला वेळ लांबायला लागला तर तीही एक माहितीच आहे. वही ठेवताय ते उत्तम.

रात्रपाळी
पडद्याबद्दल त्या बाईच्या वतीने आभार. घसरचादर दोन घ्या, एक धुण्यात असते.

सांजवेळ
तारजोडणी, शेवटचा प्रश्न. काही सापडलंच तर कार्डाचं काय करायचं? मोबाइलवर उतरवून पाठवलं तर चालतं?

तारजोडणी
नाही. कार्ड काढा, त्यावर नवं लिहिलं जाऊ नये यासाठीचा कुलूपखटका असेल तर तो लावा, पाकिटात घाला, वर तारीख-वेळ लिहा आणि त्यात पुन्हा चित्रण करू नका. बघायचं ते प्रतीवर. मोबाइलवरून फिरवलेल्या चित्रफितीचा दर्जा घसरतो आणि मूळ तपशील पुसले जातात. आणि बसवल्याच्या दिवशी यंत्राची वेळ तुमच्या फोनशी जुळवून घ्या, मग दर आठवड्याला तपासा.

कलमदान
त्यात भर: भारतात साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात आता फाइलची हॅश किंमत (फाइलवरून निघणारा, तिची ओळख पटवणारा आकडा) लिहावी लागते. ती मूळ फाइलवरून काढतात. म्हणून मूळ कार्ड पोलिसांकडे जाईपर्यंत एकाच माणसाच्या ताब्यात राहू द्या आणि तो कोण हे आजच ठरवा.